चौक्याच्या घाटातली टकटक

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला चौक्याच्या घाटात. आम्ही फुलंब्रीला शेताकडे निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे. चढ लागला तशी इंजिनातून टकटक सुरू झाली, आतून कुणी पत्र्यावर हातोडी मारत असल्यासारखी. चढ संपला आणि आवाज थांबला.

"बाबा, इंजिन वाजतंय," मी म्हणाले.

"काय?"

"इंजिन वाजतंय, इंजिन!"

"कुठं वाजतंय? तुझ्या डोक्यात वाजतंय," असं म्हणून ते हसले आणि त्यांनी गिअर बदलला. मी वळून आईकडे पाहिलं. आई मुद्दाम खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत होती. तिने आवाज ऐकला होता.

दुसऱ्या कुणी मला असं उडवून लावलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. मी भांडखोर आहे, सगळी कॉलनी जाणते. पण इंजिनाच्या बाबतीत बाबांशी भांडायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. लहानपणी त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. वस्तीवर बाजेवर पडल्या पडल्या नुसत्या ठोक्यांवरून ते सांगायचे, विहिरीचं पाणी तुटलं, जाऊन बंद करा. पुढे जन्मभर नोकरी बँकेत केली, तरी कान इंजिनाकडेच. कॉलनीतली निम्मी वाहनं गॅरेजमध्ये जाण्याआधी आमच्या फाटकाशी येत. बाबा चहाचा कप हातात धरून, डोळे मिटून ऐकत आणि निदान सांगत. ते सहसा चुकत नसत, आणि आपण चुकत नाही हे सांगायलाही ते कधी विसरत नसत.

अलीकडे त्यांनी एक नवीनच पालुपद धरलं होतं. "आपलं शहर लई सुधारलं बरं का. आताशा कुणी हॉर्न मारत नाय." जालना रोडच्या सिग्नलला आमच्या मागे रिक्षा, टेम्पो आणि सिटी बस मिळून ठणाणा करत असायच्या आणि बाबा समाधानाने हे वाक्य बोलायचे. सुरुवातीला मला वाटलं, टोमणा मारताहेत. मग एकदा मी त्यांचा चेहरा नीट बघितला. टोमणा नव्हता. त्यांना खरंच लोकांचं कौतुक वाटत होतं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इंजिन वाजतंय हे त्यांना पटवायचं म्हणजे तुमचे कान गेले हे सांगायचं. कान गेले म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच: आता गाडी चालवू नका. आणि निवृत्तीनंतर त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं, ते सगळं त्या गाडीच्या चाकांवर होतं. मनात आलं की शेतावर जायचं, येताना भावकीतल्या कुणाला तरी दवाखान्यात आणून सोडायचं, कुणाला काही मागायचं नाही. ते काढून घेणारी मी कोण?

"तू सांग," मी आईला म्हणाले.

"मी नाय बाई. तू त्यांची लाडकी, तू सांग."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघींपैकी कुणीच तयार होईना. टीव्हीचा आवाज वाढत गेला, आई एकच गोष्ट तीनदा सांगायला शिकली, आणि मी काही ना काही निमित्त काढून गाडीची किल्ली आधी उचलायला लागले. एवढंच आम्हाला जमलं.

इंजिन मात्र आमच्यासाठी थांबणार नव्हतं. टकटक आता सपाट रस्त्यावरही यायला लागली. एकदा ऑइलचा लाल दिवा लुकलुकून गेला. घाटात इंजिन जाम झालं, मागे उसाचा ट्रक असला आणि त्याचा हॉर्न बाबांना ऐकू आला नाही तर, या विचाराने माझी झोप उडाली. शेवटी मी सर्व्हिसिंगचं निमित्त केलं आणि बाबांना घेऊन रेल्वे स्टेशनकडच्या त्यांच्या नेहमीच्या गॅरेजात गेले.

तिथला मेकॅनिक बाबांना फार मानतो. बॉनेट उघडायच्या आधीच तो थबकला.

"चाचा, नीचे का बेअरिंग बोल रहा. इंजन खोलना पडेंगा."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, आमचं आधीच ठरलंय.

"आवाजच नाय तर खोलायचं कशाला? दोघं मिळून मला येड्यात काढता व्हय? आण, तो लांब स्क्रूड्रायव्हर आण."

ही त्यांची जुनी रीत. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानापाशी हाडाला लावायची, म्हणजे आतला आवाज थेट डोक्यात येतो. लहानपणी त्यांनी मलाही असं ऐकवलं होतं. आम्हाला खोटं पाडायला म्हणून ते वाकले, टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बघायला नको होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि नुसतेच उभे राहून ऐकलं. पुन्हा टेकवला. पुन्हा काढला. मेकॅनिक उगीचच दुसऱ्या गाडीकडे गेला.

"आहे," बाबा म्हणाले. "बेअरिंगच आहे." मग थोड्या वेळाने, "तुला असंच ऐकू येतं? हे न लावता?"

"हो."

"तुझ्या आईला?"

"हो, बाबा."

त्यांनी आत हात घालून इंजिन बंद केलं. स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसत राहिले, तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"म्हणजे मागून हॉर्न मारतात लोक."

"मारतात."

"मला वाटलं, शहर सुधारलं."

एरवी मी यावर हसून लोळले असते. मला रडू आलं आणि भयंकर राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना.

इंजिन उघडलं, बेअरिंग बदललं, गाडी धडधाकट झाली. बाबांचं तसं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण गेलेलं सगळं त्याने परत येणार नाही हेही सांगितलं. "ते घातलं की माणसं आन् भांडी एकाच जोरानं आदळतात," असं म्हणून बाबा ते खिशातच ठेवतात. मी विनवण्या केल्या, चिडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही.

गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. मेकॅनिकने सवयीने किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती क्षणभर मुठीत धरली, मग माझ्यापुढे केली आणि मी काही बोलायच्या आत डाव्या बाजूला जाऊन बसले. एवढी वर्षं चालवलेल्या गाडीत त्यांना पट्टा कुठे आहे ते कळेना. तो मी लावून दिला.

गाडी नीट झाली का ते बघायला आम्ही तशीच ती चौक्याच्या घाटात नेली. चढ लागला.

"गेला का आवाज?"

"गेला."

"नीट ऐक, माय. घाई करू नको."

मी नीट ऐकलं. इंजिन अगदी गुमान चढत होतं. तेवढ्यात मागून ट्रकने जोरात हॉर्न दिला आणि मी दचकले. बाबा इंजिनाकडे नव्हे, माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"वाजवला ना त्यानं?"

"हो."

"मग साइड दे की त्याला," ते म्हणाले, आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसले.