देवासला जाणारी फ्लॉपी

ती घटना आठवली की आजही मी आधी हसतो आणि मग गप्प होतो.

फ्लॉपीचे दिवस होते. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या एका कारखान्यातून यंत्राचे नकाशे बाहेर गेल्याची तक्रार माझ्या ठाण्यात आली. दुसऱ्याच दिवशी बसथांब्यावरचा चहावाला कानाशी लागला, "साहब, वो चश्मेवाले भिया हैं ना, हर शनिवार देवास की बस के डिराइवर को फ्लॉपी पकड़ाते हैं!"

चश्मेवाले म्हणजे कारखान्यातले संगणक सांभाळणारे, धारला वडिलांबरोबर राहणारे मराठी गृहस्थ. फ्लॉपी जप्त झाली, पंचनामा झाला. ड्रायव्हर ती देवासच्या थांब्यावर ठेवून द्यायचा, कोण उचलतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आत दोन फायली, एक जुनी, एक ताजी, आणि दोन्हींत नुसता अक्षरांचा चिवडा. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, मिशीला पीळ दिला आणि आवाज खाली आणला. माझा हा आवाज ऐकून भलेभले पाणी मागत.

"हे काय आहे?"

"मी लिहिलेला प्रोग्राम आहे, साहेब. काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करायची. मजकुराचं नाव आणि किल्लीचं नाव. किल्ली म्हणजे वाटेल तशा आकड्यांची रांग, मजकुराइतकीच लांब. ती नसेल तर जगात कोणी वाचू शकत नाही."

"किल्ली द्या."

"माझ्याकडची पुसली."

"मग आत काय लिहिलंय ते तोंडी सांगा."

"अटक करा. सांगणार नाही."

अटक म्हणजे नोकरी गेलीच. आमच्या ठाण्यातल्या मुंशीनं नोंदीचा रोजनामचा उघडलासुद्धा, "बोलता नहीं, मतलब चोर है, सर."

मी वरिष्ठांकडून तीन दिवस मागून घेतले आणि देवासच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. त्यांनी दोन्ही फायलींचे आकडे शेजारी शेजारी छापले. सुरुवातीचे आकडे हुबेहूब सारखे!

"एकच किल्ली दोनदा वापरलीय आणि सुरुवातही तीच आहे, म्हणजे पत्रं असावीत," बाई म्हणाल्या. "आता एका पत्रातला शब्द ओळखला की त्या जागची किल्ली कळते, आणि तीच दुसऱ्या पत्रातला शब्द उघडते. पण सुरुवात कशी असेल?"

जुन्या घरातला मराठी माणूस पत्र कसं सुरू करतो, हे मला कोणी शिकवायचं? "श्री. तीर्थरूप..." पुढे बाबास, आईस, काकास घालून पाहिलं. 'सौ. ताईस' घातल्यावर लांबी त्या सारख्या आकड्यांशी बरोबर जुळली आणि कुलूप हललं. दोन दिवस खपून दोन्ही पत्रं वाचली.

नकाशे नव्हतेच. देवासला बहीण होती, किल्लीची दुसरी प्रत तिच्याकडे. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं होतं आणि मुलाला देवासमोर शपथ घातली होती, तिला कागद लिहायचा नाही. पठ्ठ्यानं फ्लॉपी लिहिली! पहिल्या पत्रात तिच्या ऑपरेशनची काळजी, दुसऱ्यात टाके निघाल्याचा आनंद.

"एवढे हुशार, आणि किल्ली दोनदा?" मी विचारलं.

ते ओशाळले. "महिनाभर फासे टाकून बनवली होती हो. एकदा वापरून फेकायला जीव होईना. बाबांना मात्र कळू देऊ नका."

मी कबूल केलं. 'खाजगी पत्रव्यवहार, तपासाशी संबंध नाही' अशी नोंद केली आणि त्यांना सोडलं. नकाशे विकणारा पुढे दुसराच निघाला.

दुसऱ्या सकाळी त्यांचे वडील ठाण्यात आले. टोपी काढून समोर बसले. मग हळूच म्हणाले, "दर शनिवारी तो देवासच्या बसपाशी कशाला जातो, मला ठाऊक आहे. ती बरी आहे ना?"

दिलेला शब्द मी तिथल्या तिथे मोडला. "टाके निघाले. बरी आहे."

त्यानंतर समोर कोणी गप्प बसला की हा काय लपवतोय, एवढंच मी शोधत नसे. हा कोणाला जपतोय, तेही पाहायचो. त्या घरात तर बाप आणि मुलगा, दोघंही एकाच मुलीसाठी एकमेकांपुढे गप्प होते.