ड्रॅगन थांबवायचं बटण

माझा दादा खेळतो म्हटलं की लोक विचारतात, काय, बुद्धिबळ का? बुद्धिबळ नाही हो, टीव्हीला जोडलेल्या डब्यावर खेळतो. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस नावाला उरलेत, आणि हा बाबा तलवार घेऊन जंगलात हिंडतो. हसा, खुशाल हसा, मीही हसायचे. पण त्या खेळापायी त्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी डोळ्यांनी वाचलंय, आणि अजून आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो, फ्रेमच्या मापाला आणतो. दुपारपर्यंत तिकडे. तोवर आमच्या अण्णांजवळ एक बाई असतात. दुपारनंतर, रात्री, सुट्टीच्या दिवशी, सगळं दादावर. अण्णांना झटका आला तेव्हापासून उजवं अंग लुळं आहे आणि बोलणंही तुटक. पलंगाच्या दांडीला दादानं सायकलची घंटा बसवून दिलीय, अगदी डाव्या अंगठ्याशी. घंटा वाजली की हा उठला. पाणी, भांडं, कूस बदलणं, कधी नुसतं खिडकी लावणं. मी समोरच्या गल्लीत लाँड्री चालवते, त्यामुळे अण्णांच्या चादरी धुवायला माझ्याकडे. माझा हातभार तेवढाच, खोटं कशाला बोलू.

आता या माणसाची चैन काय? ना मित्र, ना कुठं जाणं. तो एक खेळ. एवढं मोठं जग त्यात, डोंगर, नद्या, गावं, आणि कुठंही जा, कुणी विचारत नाही. दादा लढतो कमी, भटकतो जास्त. औषधी पाला गोळा करतो. घोड्याशी बोलतो! एकदा बकरीनं त्याला पुलावरून ढकलून दिलं तर इतका हसला की मी रस्त्यावरून ऐकलं. आणि घंटा वाजली की एक बटण दाबायचं, सगळं जागच्या जागी थांबतं. मी कितीदा गेले तर टीव्हीवर ड्रॅगन जबडा वासून हवेत लटकलेला, तोंडातला जाळही तसाच, आणि दादा आत अण्णांची पाठ पुसतोय.

मग त्या कंपनीनं जाहीर केलं की खेळाचा नवा भाग येतोय. जाहिरातीत एक घोगरा आवाज म्हणतो, ‘हे जग कुणासाठी थांबत नाही.’ वा रे वा! म्हणजे बटण काढून टाकलं. खेळातल्या सराईत जाऊन झोपलात तरच खेळ जपून ठेवणार, मधेच उठलात तर मेलात, पुन्हा पहिल्यापासून. आणि वर मानभावीपणे खेळाडूंना आवाहन, तुम्हाला काय काय हवंय ते लिहून पाठवा, आम्ही वाचतोय.

दादा हरखून लिहायला बसला. त्याची एक जुनी खोड आहे, लिहितो ते मोठ्यानं म्हणत लिहितो. शाळेत यावरून मार खाल्लाय त्यानं. मी चादरी द्यायला गेले होते, तर साहेबांचं खणखणीत वाचन चाललेलं. “पावसात अंगरखा भिजलेला दिसावा. ज्या गावाला आपण मदत केली त्या गावानं आपल्याला ओळखावं. घोड्याला हातानं चारता यावं.” मग जरा थांबला, आणि म्हणाला, “आणि कृपा करून थांबवायचं बटण ठेवा. माझे वडील अंथरुणावर आहेत. घंटा वाजली की मला हातातलं टाकून उठावं लागतं. बटण नसेल तर माझं खेळणं संपलंच.”

मी म्हटलं, “दादा, घरातलं कशाला सांगतोस जगाला?”

“अगं, कारण दिलं की लोक समजून घेतात,” तो म्हणाला.

समजून घेतात म्हणे! दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पानावर मीच वाचलं. कुणाला आणखी मोठे ड्रॅगन हवे होते, कुणाला खेळात दोन-दोन बायका, त्यांना सगळे वाहवा करत होते. आणि दादाच्या खाली? ‘काका, तुम्ही पत्ते खेळा.’ ‘बटण दिलं की थरार गेला, भित्र्यांनी लांब राहावं.’ एका दीडशहाण्यानं तर लिहिलं, ‘म्हातारा सांभाळायचाय ना, मग सांभाळ की. खेळायला कशाला येतोस?’ त्याला शेकड्यांनी शाबासकी! अरे, तुझ्या घरी कुणी आजारी पडत नाही का रे? तुझं आंघोळीचं पाणी कोण काढतं? समोर असता तर इस्त्रीच दाखवली असती.

कंपनीचं उत्तर त्याहून गुळगुळीत. आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु. ते ‘परंतु’ वाचलं आणि मी पुढचं वाचायचंच सोडलं. दादानं वाचलं. त्यांनी त्याला दुसरा एक खेळ सुचवला होता, एका रंगाची फळं जुळवायचा. दादा म्हणाला, “जाऊ दे गं. जुना आहे ना अजून.” हेच त्याचं मला सहन होत नाही. कुणी थोबाडीत मारली तरी हा त्याच्या हाताला लागलं का विचारेल.

त्यानंतर चादरी वाढल्या. आधी आठवड्यातून एखादी ओली यायची, आता रोज. दादाचं तोंड उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, ताबा जात चाललाय, वय आहे, लंगोट बांधा. तपासलं पण नाही नीट! सकाळी बाई असतात तेव्हाच्या चादरी कोरड्या कशा, असं मी विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की लाँड्रीवालीला काय कळतंय.

म्हणून मी एका संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि अण्णांच्या पलंगाशी जाऊन बसले. बाहेर दादाचा खेळ चाललेला. अण्णा अस्वस्थ झाले. पाय हलवायला लागले, दात आवळले, कपाळावर घाम. अंगठा घंटेशी गेला. आणि त्यांनी तो मुठीत घट्ट दाबून धरला. मी उठेपर्यंत चादर ओली झाली होती.

“अण्णा! घंटा का नाही वाजवली?”

“तो... खेळतोय.”

माझा आवाज ऐकून दादा धावत आला, हातात खेळाचं यंत्र तसंच. सगळं त्याच्या लक्षात आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो अण्णांवर ओरडला. “रोज? रोज तुम्ही असं केलंत? मी लिहिताना म्हणत होतो ते ऐकून? अहो, तो नवा खेळ! अजून आलाही नाही तो! यात बटण आहे. हे बघा, दाबलं की थांबतं, माझं काही जात नाही. तुम्हाला लंगोट बांधायला निघालो होतो हो मी!”

अण्णांनी मान हलवली. त्यांना यंत्राचं काही सांगायचं नव्हतं. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, “इथं... ऐकू येतं. तू हसतोस. घंटा वाजवली... की हसणं थांबतं.”

दादानं यंत्र खाली ठेवलं. त्या ओल्या चादरीवरच बसला, अण्णांचा डावा हात धरून. आणि मी, गल्लीत कुणाला उत्तर द्यायला न चुकणारी बाई, दारात उभी राहिले. इतका राग आला होता, आणि ओरडावं कुणावर तेच कळेना.