फोटोबाहेरच्या मावशी

रेवा आणि ईशान,

मागच्या रविवारी फोनवर ईशान म्हणाला, "आजी, मला लहानपणी आंघोळ घालायच्या त्या मावशींचा फोटो पाठव ना, शाळेतल्या तक्त्यावर लावायचाय." मी "शोधते" म्हणाले आणि विषय बदलला. खरं तर शोधण्यासारखं काही नव्हतं. मावशींचा एकही फोटो आपल्याकडे नाही, आणि तो नाही याला कारण मी आहे. ही गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहिते आहे.

मावशी तान्ह्या बाळांशी अहो-जाहो करत. गंगाखेडला आपल्या घरी तुमच्या आईला, मग रेवाला, मग ईशानला त्यांनीच न्हाऊ घातलं. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यांवर बाळ पालथं घ्यायचं आणि बोलत राहायचं. "अहो पाव्हणे, पाय सोडा. तिकडं जागा कमी व्हती, इथं लय जागा हाय." मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसू नका बाई. नवं माणूस हाय. वळख ना पाळख, यकदम अरे-तुरे कसं करावं?" बारसं झालं की मात्र मान संपला. रेवाचं नाव ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला दटावलं, "ये रेवे, गप पड."

स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही. चहा दिला तरी "ठिवा तिथं" म्हणत. बाळ झोपलं, बाळंतिणीचा शेक झाला, की मग तो गार चहा एका घोटात पीत. गरम करून देते म्हटलं, तर "पोटात गेल्यावर गरमच हुतोय" हे ठरलेलं उत्तर.

ईशान बारा दिवसांचा असताना तुमच्या आईने घरीच त्याचे फोटो काढून घ्यायचं ठरवलं. परभणीहून एक मुलगी कॅमेरा आणि दिवे घेऊन येणार होती. तिने फोनवर सूचना दिल्या आणि मी माझ्या सवयीने यादी केली. खोली उबदार हवी. खिडकीचे पडदे काढायचे. वेताची टोपली, मऊ कापडं. सगळ्यांचे कपडे फिक्या रंगाचे. कुणी काय घालायचं ते नावानिशी लिहिलं होतं. मावशींचं नाव फक्त एका ओळीत होतं: आंघोळ, नऊ वाजता.

आदल्या दिवशी टॉवेल पिळता पिळता त्यांनी विचारलं, "उद्या फोटो हायत म्हनं. मी त्या वक्ताला यिऊ का?"

"अहो मावशी, हे काय विचारणं? तुम्ही तर हव्यातच."

मला म्हणायचं होतं की त्यांच्याशिवाय बाळ झोपणार नाही. त्या काय समजल्या, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळीही कळलं नाही. त्या पोपटी रंगाची कोरी साडी नेसून आल्या होत्या. घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. पदराला पिन, तोंडाला पावडर.

"आज कुणाचं लग्न आहे का मावशी?" मी हसत विचारलं.

"न्हाई, असंच." तेलाच्या वाटीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, निऱ्या वर खोचल्या आणि पाटावर बसल्या.

फोटोवाली मुलगी चुणचुणीत होती. "मावशी, तेल कमी लावा. फोटोत चमकतं."

"लेकरू हाय, चमकू द्या की! कळकट दिसल्यालं चांगलं का?"

"आणि गालावर तीट नको."

मावशींनी गालावरची तीट पुसली आणि तळपायाला लावली. "आता काढ फोटो. तुझ्या डब्याला दिसंना, पर नजरंला दिसती."

बाळ झोपलं. मुलीला खिडकीतला उजेड तपासायचा होता. "मावशी, तिथं उभ्या राहा जरा." मावशींनी पदर सारखा केला, हात जुळवून पोटाशी धरले आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. खटका वाजला.

"निघाला का?" मावशींनी विचारलं.

"उजेड छान आहे. आता व्हा बाजूला."

पुढचे दोन तास हेच चाललं. "मावशी, बाजूला." "मावशी, पदर येतोय." एका फोटोत ईशान हातांवर हनुवटी टेकून झोपलेला हवा होता. बारा दिवसांच्या बाळाची मान कुठे धरते? मावशींनी हनुवटीखाली आपली बोटं दिली. मुलगी म्हणाली, "हात नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकते."

"पूस बाई. पाव्हण्याची हनवटी तेवढी पुसू नकू."

मग ईशान जागा झाला आणि त्याने टाहो फोडला. मुलीला गाडी गाठायची होती. तिने सामान आवरलं. ती गेल्यावर माझं लक्ष मावशींच्या साडीकडे गेलं. निऱ्यांवर तेलाचा मोठा डाग होता, काठ ओले होते. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ही साडी कशासाठी होती.

"मावशी, तुमचा बाळाबरोबर एक राहिलाच की."

"ऱ्हाऊ द्या बाई. बारशाला काढू."

ईशानचं बारसं मात्र पुण्याला झालं, तुमच्या बाबांच्या घरी. मावशींना तिकडे न्यावं, हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्याआधी पुढचा महिनाभर त्या रोज येत होत्या आणि माझ्या हातात रोज फोन होता. मी एक फोटो काढला नाही. रोजच्या माणसाचा काय काढायचा, असं वाटलं असेल. त्यांना मी आपल्या माणसांत धरलंच नव्हतं, असंही असेल. मी ते नाकारत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने मावशी गेल्या. त्यांची सून दारात आली. "बाई, पुण्यानुमोदनाला ठिवायला सासूबाईंचा फोटो द्या."

"माझ्याकडे?"

"त्या सारख्या सांगायच्या, बाईच्या घरी खिडकीपशी माझा फोटो काढलाय म्हनून. नव्या साडीवर."

मी तिच्यासमोरच त्या मुलीला फोन लावला. ती बिचारी गोंधळली. उजेड तपासायचे फोटो ती त्याच दिवशी पुसून टाकते म्हणाली. सुनेने सगळं ऐकलं होतं. "आसू द्या," ती म्हणाली आणि चपला घालू लागली. त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मी गेले. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यात मावशी ओळखू येत नव्हत्या.

घरी येऊन मी ईशानचे सगळे फोटो एकेक करून पाहिले. हनुवटीच्या फोटोत हात पुसला होता, पण नीट नाही. फोटोवाल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "सॉरी आजी, नजरचूक झाली. लगेच दुरुस्त करून पाठवते." मी तिला त्या फोटोला हात लावू दिला नाही.

ईशान, तुझ्या तक्त्यासाठी तोच फोटो पाठवते आहे. तुझ्या हनुवटीखाली, कापडावर, चार बोटांची पुसट सावली आहे. मावशींची आपल्याकडे तेवढीच राहिली आहे.