माळवस्तीचं हाताने करायचं गणित

अंगणवाडीत काही घडलं की मी ते वहीत लिहून ठेवते. हजेरीची वही वेगळी, आहाराची वेगळी, ही वेगळी. सुरुवातीला वाटलं होतं, वर्षाला एक पुरेल. आता तांदळाच्या कोठीवर वह्यांची चळत झाली आहे आणि आमच्या मदतनीस शांताबाई म्हणतात, "बाई, तांदूळ काढायचा म्हनलं की आधी तुमचं लिखान उचलावं लागतं."

तसं लिहिण्यासारखं फार काही नसतं. नेवाशाच्या बाजूचं एक गाव, गावाबाहेरची माळवस्ती, एक खोली आणि तीन ते सहा वर्षांची एकवीस मुलं. पण या मुलांना गणित शिकवायचं ठरलं की मुलं सोडून बाकी सगळ्यांची परीक्षा सुरू होते, आणि वही भरत जाते.

*

एका वर्षी जूनमध्ये तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता, कृतीतून गणित. मुलांकडून आकडे घोकून घ्यायचे नाहीत. वस्तू त्यांच्या हातात द्यायच्या. लावू द्यायच्या, जुळवू द्यायच्या, मोजू द्यायच्या. मला मनापासून पटलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकीला एक पेटी मिळाली. रंगीत मणी, लाकडी ठोकळे, प्लास्टिकची फळं, छोटा तराजू. सोबत वस्तूंची यादी आणि यादीखाली एक ओळ: तपासणीच्या वेळी सर्व वस्तू संख्येप्रमाणे हजर असाव्यात.

शांताबाईंनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग त्यांनी एकवीस मुलांकडे पाहिलं, पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"मनी नाकात घालत्यात, फळं चावत्यात. मॅडम आल्यावर काय दाखवायचं?"

ऑगस्टात आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्यांनी सतरंजीवर बसून मण्यांचे रंगांप्रमाणे ढीग केले, दहा-दहाच्या ओळी लावल्या, ठोकळे लहान-मोठे मांडले. मुलं दारात उभी राहून बघत होती. सगळं जिथल्या तिथे निघालं. शेऱ्याच्या वहीत मॅडमनी लिहिलं, 'साहित्य उत्तम स्थितीत. कृती अपेक्षेप्रमाणे.'

कृती खरंच अपेक्षेप्रमाणे झाली होती. फक्त ती मॅडमनी केली होती.

*

पेटी कुलपात, म्हणून मी घरच्या वस्तूंवर आले. पण त्याआधी नानाचं सांगायला हवं.

नाना वस्तीवरचाच. टेम्पोने शिर्डीला फुलं पोचवतो. तिथे हॉटेलच्या पायऱ्यांवर बसलेली चार-चार वर्षांची मुलं इंग्रजीतून आकडे म्हणतात, हे त्याने पाहिलं आणि त्याची झोप उडाली. त्याची श्रावणी पाच वर्षांची, माझ्याकडे यायची. तालुक्याच्या रस्त्याला एक इंग्रजी शाळा आहे. वस्तीवरची आठ मुलं मिळाली तर त्यांची व्हॅन फाट्यापर्यंत येणार होती. नाना म्हणेल तसं वस्ती वागते, त्यामुळे श्रावणी गेली की उरलेली सात ठरलेलीच.

आणि आठ मुलं एकदम गेली की आमची अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत मिसळणार, हे मॅडमनी आधीच कानावर घातलं होतं. मला ओढा ओलांडता येतो. पण मागे राहिलेल्या तेरा मुलांचे आईबाप पहाटेच कामाला जातात. त्यांना पलीकडे रोज कोण नेऊन सोडणार? ती घरीच बसली असती.

नाना मला स्पष्टच म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. दिवाळीपत्तुर बघतो. पोरीला शंभरपत्तुर आलं तर ठेवतो."

मी म्हटलं, आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यात फरक आहे. तो म्हणाला, असंल, पण पाव्हन्यांसमोर म्हनून दाखवता येतं ते कंचं?



*

पहिली कृती ठरवली लहान-मोठ्याची. मुलांना सांगितलं, उद्या घरून एकेक गोल वस्तू आणा. मला बांगड्या, बाटल्यांची टोपणं अपेक्षित होती. मुलांनी झाकणं आणली, आणि एकेक नाही. भगुण्यांची, डब्यांची, कुकरची, पाण्याच्या हंड्यावरची. एका मुलीने तर तवा आणला, झाकण म्हणून. खोलीच्या मधोमध ढीग झाला आणि मुलं त्याच्याभोवती फेर धरून नाचायला लागली. झाकणं लावायची राहिली ती राहिलीच.

तासाभरात वस्तीवरच्या बायका आल्या. कुणाच्या दुधात मांजराने तोंड घातलं होतं, कुणाची डाळ शिजायची थांबली होती. मग ढिगाभोवती बायका बसल्या. हे माझं, हे तुझं, याला पोचा आहे म्हणजे हे सासूबाईंचं, हे त्याच्यापेक्षा बोटभर मोठं. कुणीतरी घरून भगुणंच आणलं आणि त्यावर एकेक झाकण बसवून बघायला सुरुवात केली. हे मोठं होतं, हे आत पडतं, हे बसलं. अर्ध्या तासात सगळी झाकणं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लागली.

वहीत मी लिहिलं, 'कृती: आकारमानाप्रमाणे मांडणी. यशस्वी. सहभाग: माता पालक.'

*

नंतर तराजू केला. पेटीतला नव्हे. काठीला मधोमध दोरी आणि दोन टोकांना नारळाच्या करवंट्या. मुलं त्यात वाटेल ते घालायची. खडे, पानं, चप्पल, एकदा शांताबाईंची किल्ली. जड कुठलं, हलकं कुठलं, हे ती चांगलं सांगायला लागली.

आरती नावाची एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जातात आणि ती त्यांच्याबरोबर पाचटाच्या कोपीत राहते, उसाच्या गाडीवरून कारखान्याच्या वजनकाट्यावरही जाऊन येते. बोलते कमी. मी एका करवंटीत दगड ठेवला, दुसरीत कांदा. दगडाची बाजू खाली गेली. मी विचारलं, "आरती, जड काय?"

तिने करवंट्यांकडे बघितलंच नाही. काठीकडे बघितलं, दोरी कुठे बांधली आहे ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काटा कुनाचा हाय?"

मी म्हटलं, माझा आहे. अंगणवाडीचा.

"मग तुमीच सांगा," आरती म्हणाली.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत या उत्तरासाठी रकाना नव्हता.

*

सप्टेंबरात मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्यांना मुलांचं मोजणं ऐकायचं होतं. मी मुद्दाम श्रावणीला पुढे केलं. तिचं मोजणं माझ्या वर्गात सगळ्यात पक्कं. ती नुसते आकडे म्हणत नाही. वस्तूला हात लावते, ती बाजूला सारते आणि मगच पुढचा आकडा उच्चारते.

मॅडमनी तिच्यासमोर बारा खडे ठेवले. श्रावणीने पहिला खडा सारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ."

मग दोन, तीन, चार, थेट बारापर्यंत. एकही चूक नाही.

मॅडम म्हणाल्या, पुन्हा मोज. पुन्हा लाभ, दोन, तीन. मॅडमनी एक बोट दाखवून विचारलं, हे किती? श्रावणी म्हणाली, एक. मग खडे मोजताना एक का म्हणत नाहीस? श्रावणीला प्रश्नच कळला नाही.

तिचं मोजणं शिकवलं होतं तिच्या आजोबांनी, म्हणजे नानाच्या वडिलांनी, खळ्यावर बाजरी मापताना. आमच्याकडे जुनी माणसं धान्याचं पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे मी मॅडमना समजावून सांगितलं. त्या बीडच्या बाजूच्या. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तक्त्यात रकाने दोनच होते, येते आणि येत नाही. त्यांनी शेरा लिहिला, 'मुलीस दोन ते बारा अंक येतात. एक शिकवावा.'

तो शेरा वस्तीवर पोचायला संध्याकाळ लागली नाही. नाना म्हणाला, चार महिन्यांत पोरीला एकसुद्धा आला न्हाई. आजोबा दुसऱ्या दिवशी काठी टेकत अंगणवाडीत आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, तुमी एक शिकवा. पर खळ्यावं त्यो चालायचा न्हाई. तुमच्या मॅडमनं रास मापली तर पुरायची का ती?"

मी दोघांचंही ऐकून घेतलं. वहीत दोन्ही बाजू लिहिल्या.

*

नवरात्रात नानाकडे त्याची बहीण आली. तिचा अर्णव त्याच इंग्रजी शाळेत जायचा. घट बसले होते, घरात माणसं होती, मलाही बोलावलं होतं. नानाने अर्णवला पाटावर उभं केलं. अर्णवने डोळे मिटले आणि वन टू थ्रीपासून हंड्रेडपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. मध्ये श्वास कधी घेतला ते कळलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. पाठांतर खरंच चांगलं होतं.

नानाची बायको मनीषा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अर्णव, एवढं येतंय तर कांदाचाळीतून चार कांदे आन बरं."

अर्णव गेला. बराच वेळ आला नाही. शेवटी मनीषाच बघायला गेली. तो कांद्यांसमोर उभा राहून आकडे म्हणत होता. बत्तीस झाले होते आणि हात अजून रिकामे होते. मनीषाने श्रावणीला हाक मारली. श्रावणी चार कांदे ओच्यात घेऊन आली. पहिल्याला ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

 मला वाटलं, आता नानाला कळलं असेल. नानाने कांद्यांकडे पाहिलं, अर्णवकडे पाहिलं आणि पाहुण्यांना समजावून सांगितलं:

"कांदे आनायला आपन हाईत की. त्यासाठी कशाला एवढ्या लांब शाळेत घालायचं?"

*

दिवाळी झाली. श्रावणी चाळीसपर्यंत आली होती, तेही शेंगा मोजत. नानाने शब्द पाळला. सोमवारी सकाळी व्हॅन फाट्यावर आली आणि वस्तीवरची आठ मुलं तिच्यात बसून गेली. त्या दिवशी माझ्याकडे हजेरी तेरा. शांताबाईंनी सवयीने एकवीसचीच खिचडी टाकली होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मनीषाने सांगितलं, आजोबांनी सांगितलं आणि व्हॅनच्या ड्रायव्हरनेही सांगितलं. तिघांचं जेवढं जुळलं तेवढंच लिहिते.

आमच्या अंगणवाडीत दाराशी चिंचोक्यांचा डबा असतो. आत येणारं प्रत्येक मूल एक चिंचोका वाटीत टाकतं, जाताना एक उचलतं. शेवटी वाटीत काही उरलं तर कुणीतरी अजून आत आहे, मोरीपाशी किंवा कपाटामागे. ही वाटी सांभाळायचं काम श्रावणीचं होतं. व्हॅनने जायचं म्हणून ते काम संपलं असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेच्या दारात व्हॅनमधून मुलं उतरली तेव्हा ती शेवटी उतरली आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे खिशातला एक चिंचोका तिने जेवणाच्या डब्याच्या झाकणात टाकला. दुपारी मुलं परत व्हॅनमध्ये बसली तेव्हा बसणाऱ्या प्रत्येकामागे एक काढून खिशात घातला. दार लागलं. झाकणात एक चिंचोका उरला.

तिने ड्रायव्हरला सांगितलं, एक राहिलंय. ड्रायव्हर म्हणाला, खाली बस. ती पुन्हा म्हणाली. त्याने गाडी सुरू केली. फाट्यापर्यंत ती रडत आली. फाट्यावर सात मुलं उतरली. ही दाराची दांडी धरून बसली. उतरेना आणि गाडी पुढे जाऊ देईना.

तिला घ्यायला मनीषा आणि आजोबा आले होते, नानाही तिथेच होता. पहिल्याच दिवशी चारचौघांत पोरीने असं केलं म्हणून तो तिच्यावर ओरडला. ती झाकण पुढे करून एवढंच म्हणत राहिली, एक राहिलंय. तेव्हा मनीषाने ड्रायव्हरला विचारलं, सकाळी पोरं किती होती?

ड्रायव्हर म्हणाला, "गाडी फुल हुती. येताना बी फुलच हुती."

मनीषाने त्याच्याच मोबाईलवरून शाळेत फोन लावायला लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग शिपायाने उचलला, बघून येतो म्हणाला, आणि फोन तसाच ठेवून गेला.  शेवटी शिपायाचा आवाज आला. पुढच्या गावचं साडेतीन वर्षांचं एक पोर प्रार्थनेच्या हॉलमध्ये पडद्यामागे झोपलं होतं. तो हॉलला कुलूप लावायलाच निघाला होता.

मंगळवारी सकाळी मी खोलीचं दार उघडत होते. नाना श्रावणीचा हात धरून आला. मागे उरलेली सात मुलं आणि त्यांच्या आया. नानाने चपला बाहेर काढल्या. एरवी तो कधी आत येत नाही. श्रावणीला त्याने चिंचोक्यांच्या वाटीपाशी बसवलं. मग म्हणाला,

"बाई, शाळा मात्र लई भारी हाय ती. एका दिवसात पोरगी बघा कशी तयार केली. आता राहिलेलं तुमी शिकवा."

मी बरं म्हटलं, आणि हजेरी घ्यायला बसले.