बोटावरची साखर

बर्फ मी अजून पाहिलेला नाही. आमच्या अमरावतीत थंडी पडते ती कोरडी, ओठ फोडणारी. चिखलदऱ्याला म्हणे एखाद्या पहाटे गवतावर पांढरं दिसतं, पण आम्ही पोचेपर्यंत ते वितळलेलं असतं. माझ्या ओळखीचं पांढरं एकच, कापसाचं. माहेर तेल्हाऱ्याजवळ. वेचलेला कापूस विकेपर्यंत मधल्या खोलीत भरून ठेवत, पार छताला टेकेल इतका. आम्ही पोरं चोरून त्यात शिरायचो. नंतर अंगाला खाज सुटायची आणि वरून बोलणी बसायची, पण आत शिरलं की बाहेरचे सगळे आवाज विझायचे. आई अंगणातून हाक मारत असायची आणि ती दुसऱ्या गावातून मारल्यासारखी ऐकू यायची.

कुकीवर पहिल्यांदा पांढरं आयसिंग सोडलं आणि ते हळूहळू पसरत कडेपर्यंत जाऊन थांबलं, तेव्हा मला ती खोली आठवली. म्हणूनच बहुतेक मी या नादाला लागले.

शिकले मोबाईलवर बघून. नवरा सकाळी बडनेऱ्याला रेल्वेच्या ड्युटीवर जायचा, मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि घरात उरायच्या मी आणि सासूबाई. सासूबाई रिद्धपूरकडच्या. लग्नाआधीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या. मांस-मच्छी सोडा, अंडंसुद्धा या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. बाहेरचा केक त्या खात नाहीत, पाव खात नाहीत. कोणी आग्रह केला तर हात जोडून 'दंडवत' म्हणतात आणि विषय संपवतात. मला लग्नात एवढंच सांगितलं होतं त्यांनी, "बाकी तुह्या मनानं कर. हे एक सांभाळ."

मी सांभाळत होते. कुकीच्या पिठात अंडं नाही, दूध. लोणी घरचं. त्याचा मला जरा तोराही होता. आयसिंगला मात्र पिठीसाखर आणि मेरिंग पावडर लागते असं त्या व्हिडिओतली बाई म्हणाली, म्हणून मी केकच्या सामानाच्या दुकानातून ती आणली. दुकानदाराने मोठ्या डब्यातून काढून साध्या पिशवीत बांधून दिली. पांढरी, वासाला गोडूस. कॉर्नफ्लोअरसारखं काहीतरी असेल म्हणून मी विचारलंही नाही.

दुपारी गच्चीवरच्या खोलीत ऊन यायचं, ते बरोबर टेबलावर. सासूबाई गुडघे शेकायला म्हणून वर येऊ लागल्या. आधी दारात बसायच्या, मग खुर्चीवर, मग टेबलाला लागून. आयसिंगचं एक गणित असतं. कडेची रेघ घट्ट हवी आणि आत भरायचं पातळ. पातळ झालं की नाही ते बघायला चमच्यातून एक धार भांड्यात सोडायची आणि दहा मोजायचे. दहापर्यंत धार विरली पाहिजे. मोजायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. त्यांचे दहा फार सावकाश व्हायचे. एक म्हणून त्या खिडकीबाहेर बघायच्या, मग दोन. माझं आयसिंग त्या चालीने कधी बिघडलं नाही हे मात्र खरं.

एका दुपारी त्यांनी आयसिंग भरलेला कागदी कोन हातात घेतला. "रांगोळीचीच त रेघ हाय हे," म्हणाल्या. पहिली रेघ थरथरली, दुसरी कमी, तिसरी माझ्यापेक्षा चांगली आली.

मी बर्फाची माणसं करत होते. दोन गोळे, गाजराचं नाक, काळे डोळे. त्यांनी एक उचलून लांब धरला.

"याचे कान उघडे काहून ठेवले?"

"त्याला कान नसतात, आई. बर्फाचा आहे तो."

"म्हणूनच त ठंडी वाजन ना त्याले."

आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरून हनुवटीखाली एक पट्टी ओढली, वर गाठ मारली. आमच्याकडे सकाळी दूध आणायला निघालेला माणूस जसा डोक्याला मफलर बांधतो तसा. त्या दिवशी एकही बर्फाचा माणूस उघड्या कानांचा राहिला नाही. मी हसत होते, आणि त्या अगदी गंभीर चेहऱ्याने एकेकाचे कान झाकत होत्या.

बोटाला लागलेलं आयसिंग त्यांनी जिभेजवळ नेलं, थांबल्या आणि मला विचारलं, "साखरच हाय ना व?"

"साखरच आई."

त्यांनी बोट चाटलं. डोळे मिटले. बाहेरचं काहीही न खाणारी ही बाई माझ्या शब्दावर खाते, हे मला त्या क्षणी इतकं गोड वाटलं की मी दुसऱ्या कोनाचं टोक मुद्दाम त्यांच्या बोटावर दाबलं.

मग दुपारी तशाच जात राहिल्या. बोलणं कमी. ट्रेमध्ये बर्फाच्या चांदण्या वाळत पडलेल्या, घरभर व्हॅनिलाचा वास, खाली रस्त्यावर संत्र्याच्या हातगाडीवाल्याची हाक. कधी कधी मला वाटायचं की आम्ही दोघी त्या कापसाच्या खोलीतच बसलो आहोत. एकदा त्यांनी विचारलं, "बर्फ पडते त आवाज येते का?" मला माहीत नव्हतं. "कापसावानी पडत असन," त्यांनीच ठरवलं, "मंग नाई येत." अठरा वर्षांच्या संसारात आम्ही सासू-सुना इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

अकोल्याच्या एका बालवाडीच्या बाईंनी ते मफलरवाले बाहुले पाहिले आणि हिवाळ्याच्या कार्यक्रमासाठी मोठी ऑर्डर दिली. सगळे मफलरवालेच हवे होते. पावडर संपत आली म्हणून मी दुकानात गेले. दुकानदार आत गेला होता. मोठा डबा समोरच्या फळीवर होता, आणि त्याच्यावर चौकोनात तपकिरी ठिपका, मांसाहाराची खूण. मी डबा फिरवला. बारीक अक्षरात पहिलाच घटक होता, अंड्याचा पांढरा भाग, वाळवलेला.

मी डबा होता तसा फिरवून ठेवला. दुकानदाराने बाहेर येऊन विचारलं, किती देऊ. मी म्हटलं, द्या.

हे मला लपवायचं नाही. मी ती पावडर घेतली आणि घरी आले. सासूबाई वर बसल्या होत्या, टेबल पुसून, कोनाचे कागद कापून. "उशीर केला व," म्हणाल्या. सांगितलं असतं तर त्या उठून खाली गेल्या असत्या आणि परत त्या खुर्चीवर बसल्या नसत्या. मला ती खुर्ची रिकामी नको होती. एवढंच कारण होतं, आणि ते फार स्वार्थी होतं.

मी त्यांच्यासमोर ओला रुमाल ठेवला. त्यांनी बोट चाटलंच. "यात रंग आहे, नका खाऊ," मी म्हटलं. "रंगानं काय होते," त्या म्हणाल्या. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं, तो दोष पावडरीचा म्हणता येईल. त्यानंतरचा प्रत्येक थेंब मी माहीत असून त्यांच्या पोटात जाऊ दिला. असे नऊ दिवस गेले. ऊन तसंच टेबलावर यायचं, त्या तशाच सावकाश दहापर्यंत मोजायच्या, आणि मला वाटायचं, हे दहा कधी पुरे होऊच नयेत.

दहाव्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात स्टीलचा डबा कापडात बांधत होत्या. रिद्धपूरला निघाल्या होत्या. ज्या तपस्विनी बाईंनी त्यांना उपदेश दिला, त्या आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांच्यासाठी डब्यात आठ बर्फाची माणसं निवडून ठेवली होती. एकेकाचे कान नीट झाकलेले.

"बाईले दाखवतो," म्हणाल्या. "म्हणतो, माह्या सुनेच्या हातचं हाय. बेधडक खा."

 मी तिथेच ओट्यापाशी सांगितलं. पावडर काय आहे, कसं कळलं, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघवलं नाही, मी त्या कापडाच्या गाठीकडे बघत होते.

त्यांनी गाठ सोडली. डबा ओट्यावर ठेवला, कापडाची घडी घातली. मला वाटलं रागावतील. त्यांनी एकच विचारलं.

"कवापासून माईत हाय तुले?"

"नऊ दिवस झाले, आई."

"नऊ," त्या म्हणाल्या. त्यांच्याच चालीने, सावकाश. मग हात धुतले, चूळ भरली आणि रिकाम्या हाताने बसस्टँडला गेल्या.

अकोल्याच्या बाईंना मी त्याच दिवशी फोन करून अंड्याचं सांगितलं. "चालते हो, आमच्याकडं खातात सगळे," म्हणत त्या हसल्या. त्यांच्या हसण्याने मला काडीचं बरं वाटलं नाही. केलेल्या सगळ्या कुकी मी आमच्या कामवाल्या बाईंना, अंडं आहे हे सांगून, चालतं का विचारून देऊन टाकल्या, ती भांडी बाजूला काढली आणि ऑर्डर नव्याने करायला नवं सामान आणलं. कुठेतरी वाचलं होतं की काबुली हरभरे शिजवलेलं पाणी फेटलं तर फेस उभा राहतो. पहिलं पाणी पातळ होतं, नुसतं वाहून गेलं. दुसरं आटवलं, गार केलं, फेटत राहिले. भांडं उलटं धरलं तरी पडेना, तेव्हा मी एकटीच खोलीत रडले.

सासूबाई चौथ्या दिवशी आल्या. तिथे काय बोलल्या, किती वेळ नामस्मरणाला बसल्या, मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरात नेहमीसारख्या वागल्या. माझ्या हातची भाकर खाल्ली, वरणात मीठ कमी आहे म्हणाल्या. फक्त गच्चीवर आल्या नाहीत.

मग एका दुपारी जिन्यात त्यांची पावलं वाजली. मी सगळं उघडं मांडून ठेवलं होतं, शिजलेले हरभरे, त्यांचं पाणी, साखर, लिंबू. "माह्यासमोर कर," म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी केलं. पिवळट पाणी हळूहळू पांढरं होत गेलं, मग घट्ट, मग लकाकणारं. त्या वाकून बघत होत्या.

"हरभऱ्यात एवढं पांढरं असते?"

"मलाही आताच कळलं, आई."

त्यांनी कोन मागितला. पहिल्याच बाहुल्याचे कान झाकले. रेघ थरथरली नाही. कोनाचं टोक फुटून थोडं आयसिंग बोटावर आलं. त्यांनी बोट वर उचललं, उन्हात धरून पाहिलं.  त्यांनी बोट पदराला पुसलं.

याला आता तीन हिवाळे झाले. ऑर्डरी येतात, मफलरवाले बाहुले अकोल्याला जातात. सासूबाई रोज दुपारी वर येतात, धार सोडली की दहा मोजतात, आमच्या गप्पा होतात, हसणंही होतं. त्यांनी मला माफ केलंय, हे मला ठाऊक आहे. रिद्धपूरच्या बाईंसाठी त्यांनी मागच्या वर्षी हरभऱ्याच्या आयसिंगचा डबा नेलासुद्धा, पण मी त्यांच्यासमोर पाणी फेटून झाल्यावर, कोन स्वतःच्या हाताने भरून. आणि बोटाला लागलेली साखर त्या पदराला पुसतात. एकदाही जिभेकडे नेली नाही. त्यांनी एकदा तरी बोट चाटावं, दर हिवाळ्यात माझी एवढीच इच्छा असते.

काल पुन्हा तसंच झालं. ऊन टेबलावर होतं, बोटावर पांढरा ठिपका होता. मी बघत होते. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. बोट क्षणभर तसंच राहिलं, मग पदराकडे गेलं.

"पुढचा दे," त्या म्हणाल्या. "याचे कान उघडेच हायेत."