जवसाच्या चटणीचा डबा

श्रीमंत मुलखांनी पूर आलेल्या मुलखांना मदत करावी का, यावर आमच्या ओट्यावर माणसं वाद घालत बसतात. मला मात्र ती बाई आठवते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. पुरात जनावरं वाहून गेल्ती, मंग तीर्थपुरीच्या चावडीत सातासमुद्रापलीकडून दुधाच्या भुकटीचे डबे आले. रांगेत ती माझ्यापुढं होती. कडेवर नातू, पदराखाली मागच्या खेपेचा डबा.

"आजी, नवा घ्या. जुना घरीच ठेवायचा," कारकून म्हणाला.

"चटणी भरलीय त्यात, जवसाची. शेजारणीचं भांडं रिकामं धाडतं का कुणी? ज्यांनी दूध दिलं त्यांना पोचवा."

"अवो, बोटीनं महिने लागतेत!"

"म्हणून तर चटणी. पिठलं नासलं असतं."

सगळी रांग हसली. पण तो डबा घेतल्याबिगर ती दुसरा घ्यायला बिलकुल तयार न्हाई, अन् नातू दुधापायी रडून राह्यला. शेवटी कारकुनानं डबा घेतला. हळूच उघडून वास घेतला, तशी ती ओरडली, "झाकण लाव, मुडद्या! तुझ्या भाकरीसाठी न्हाई ती."

मी विचारलं, "मावशी, त्या श्रीमंतांना काय कमी? कशाला एवढा खटाटोप?"

नव्या डब्याची धूळ पदरानं पुसत ती म्हणाली, "कमी काहीच न्हाई गं. पण डबा रिकामा गेला, अन् उद्या त्यांच्याकडं पूर आला, तर आपल्याकडं मागायला लाजतील ना ते."