पुसायला लावलेला फोटो

“त्यांना तो चष्मा काढायला सांग. घड्याळही. आणि ही साडी नको, रोजची काहीतरी.”

पुण्याची मॅडम हे मला सांगत होती. जिच्याबद्दल सांगत होती ती माझी आई समोरच उभी होती.

मॅडम खेडोपाडी हिंडून माणसांचे फोटो काढायची. सकाळी सोनपेठला माझ्या फोटो स्टुडिओत आली. म्हणाली, “अस्सल गावचे चेहरे दाखवशील?” मी हुरळले. पासपोर्टचे फोटो काढून विटलेली बाई मी. दुकानाचं शटर ओढलं आणि तिला थेट गावी, बौद्धवाड्यात, आईच्या दारात नेलं.

फोटो म्हटल्यावर आईने तोंड धुतलं, पावडर लावली, निळी साडी नेसली. आमच्याकडे फोटोसाठी असंच उभं राहतात. घड्याळ मात्र तिचं रोजचंच. अंगणवाडीत मदतनीस म्हणून उमर गेली तिची.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी आत गेले आणि वाकळ शिवायला बांधून ठेवलेल्या गाठोड्यातून फाटकं जुनेर काढलं. मॅडमने नव्हे, मी.

“ते वाकळंचं हाय गं,” आई म्हणाली. “त्याच्यावर फोटू काढतेत व्हय?”

“नेस. त्यास्नी तसाच पायजे.”

नेसली. लेकीने सांगितलं म्हणून. उंबऱ्यावर बसली. मॅडमने उजेड पाडायचा चमकता पडदा माझ्या हाती दिला. “तू फक्त हे धर. मध्ये बोलू नकोस.” मी धरला.

मग तिने कॅमेऱ्यात फोटो दाखवला. काय फोटो होता! आईचे डोळे इतके जिवंत मला आजवर एकदाही पकडता आले नव्हते. हिने पाच मिनिटांत पकडले. हिचा कॅमेरा, हिची नजर, हिचं शिक्षण. सगळ्याचा हेवा वाटला. जळले मी.

“आता चांगल्या साडीवर एक काढा की, बाई,” आई म्हणाली.

“झालं आमचं काम, आजी.” मॅडम माझ्याकडे वळली. “प्रदर्शनात हाच पहिला लावणार. गरिबीलाही काय डौल असतो बघ.”

ती गरिबी मी गाठोड्यातून काढून दिली होती.

मी पडदा खाली टाकला. “फोटो पुसा.”

“अगं, किती सुंदर आलाय. तुला कळत नाही.”

“कळतं. म्हणून तर पोट दुखायलंय. पुसा. माझ्यासमोर.”

ती निघाली तशी मी तिच्या गाडीच्या दाराशी आडवी उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने पुसला.

त्यात अर्धा मत्सर होता, नाकारत नाही. अर्धी लाज होती, माझी स्वतःची. असा फोटो मला अजून काढता येत नाही, आणि तिचा हेवा अजून गेलेला नाही. जाऊ देणारही नाही. त्याच्याच जोरावर शिकेन. पण माझी माणसं फोटोत कशी दिसणार, हे ती माणसंच ठरवतील. कुणा परक्याच्या सोयीने त्यांना उभं करून देणारी मी नाही. आता नाही, कधीच नाही.